बस उशिरा येते तेवढा वेळ

बसची वेळ झाली आणि बस आली नाही, की सौगात यायचा.

कुठून यायचा ते मेनुका मिसना कधीच दिसलं नाही. वरच्या वळणाकडे बघावं, बसचा काही पत्ता लागतो का याचा अंदाज घ्यावा आणि नजर परत आणावी, तर पिंपळाच्या पाराशी तो उभा असायचा. पाठीवर दप्तर, एका पायातला मोजा घोट्यावर घसरलेला. आईकडे, म्हणजे मेनुकाकडे, तो बघत नसे. तो बसची वाट बघायचा आणि ती त्याच्याकडे बघायची. एक शब्द जरी बोललो तरी पोर पुसलं जाईल, अशी तिला धास्ती होती, म्हणून ती खोकलासुद्धा दाबून धरायची. मग वळणावर भोंगा वाजे, हर्कमान दाईची, म्हणजे सगळे ज्याला थोरला भाऊ मानत त्या ड्रायव्हरची, पिवळी बस धुक्यातून नाक बाहेर काढी आणि पार रिकामा होई.

हे सांगायचं कोणाला? सासूला सांगावं तर ती त्याच संध्याकाळी भुतं उतरवणाऱ्या झाँक्रीला ढोल घेऊन अंगणात बसवणार. नवरा कतारला, तो फोनवर झोपेच्या गोळ्या घेतेस ना, असं विचारणार. शाळेत सांगावं तर मुख्याध्यापक मोठ्या मनानं रजा मंजूर करणार, आणि रजा मिळाली म्हणजे सकाळी स्टॉपवर उभं राहायचं निमित्तच गेलं. तेव्हा मेनुकानं कोणाला काही सांगितलं नाही. ती रोज लवकर उठायची, चहाबरोबर चिउरे, म्हणजे कोरडे पोहे, घशाखाली ढकलायची आणि बसला उशीर होऊ दे अशी प्रार्थना करत उतारावरून खाली यायची.

सौगात मागच्या माघात गेला. परीक्षेच्या कामासाठी मेनुका त्या दिवशी शेजारणीच्या स्कूटरवरून लवकर शाळेत गेली होती आणि पोर स्टॉपवर एकटं होतं. बसला उशीर झाला. लेले गावच्या खाणीतून वाळू भरून टिपर निघाला होता. टिपरवाल्याला धुकं दिसलं, पोर दिसलं नाही.

व्रतबंध व्हायचा होता. मुंज न झालेल्या पोराचं फार काही करायचं नसतं, असं पुरोहित म्हणाले आणि चार दिवसांत सगळं आवरलं. वर्षभर पांढरं नेसणं नाही, श्राद्ध नाही, पिंड नाही. म्हाताऱ्या माणसाला निरोप द्यायला आपले लोक वर्ष लावतात आणि आठ वर्षांच्या पोराला दारातूनच जा म्हणतात. मेनुकाला याचा संताप आला होता, पण संताप कोणावर काढायचा तेही तिला कळेना.

पाटण शहरातल्या शाळांना तेव्हा क्वालिटी सर्कलचं वेड लागलं होतं. पद्धत जपानी कारखान्यांतली. पाच-सहा पोरांनी टोळकं करायचं, टोळक्याला नाव द्यायचं, छातीवर बिल्ला लावायचा, शाळेतली एखादी अडचण पकडायची आणि तिच्या मुळापर्यंत जायचं. मग वर्षाखेरीस मोठ्या हॉलमध्ये गाणं-बिणं म्हणून सगळ्यांसमोर ते मांडायचं. कोणी कँटीनमधला कचरा पकडला, कोणी न केलेला गृहपाठ. मेनुका मिस नववीच्या पोरांना म्हणाल्या, आपण बसचा उशीर पकडू. का, असं कोणी विचारलं नाही. ज्याला त्याला ठाऊक होतं.

टोळक्याचं नाव ठरलं जुनकिरी, म्हणजे काजवा. पुढारी रेजिना महर्जन. तिचं तोंड एकदा सुरू झालं की शाळेची घंटाही तिला आवरू शकत नसे. आलेख काढायला पासांग लामा, तो मात्र पेन्सिलीनंच बोलायचा. मेनुकानं त्यांना दोन नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिले. मूळ सापडेपर्यंत का, का, का विचारत राहायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही. आणि माशाच्या काट्याचं जे चित्र काढतात, त्यात डोक्याशी अडचण आणि एकेका काट्यावर तिचं एकेक कारण, त्या काट्यावर माणसाचं नाव कधी लिहायचं नाही. लिहायचं ते कारण.

मनात मात्र तिला नावच हवं होतं. त्या माघातल्या सकाळी बस कोणामुळे अडली? कोणाची वेणी घालायची राहिली होती, कोणी चहा पीत बसलं होतं? शाळेकडे बसच्या जुन्या नोंदी होत्या. तिनं पासांगला सांगितलं, रोजच्या उशिराच्या आलेखावर त्या दिवसाचाही ठिपका काढ. पासांगनं काढला, नेहमीच्या उशिराची हद्द दाखवणाऱ्या वरच्या-खालच्या दोन रेघांकडे बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"मिस, हा दिवस तर साधाच आहे."

"साधा म्हणजे?"

"वरची लाल रेघ ओलांडली असती तर त्या दिवशी काहीतरी वेगळं घडलं होतं असं म्हणता आलं असतं. हा तर दोन रेघांच्या मधे आहे. असा उशीर आपल्या बसला दर आठवड्याला होतो." त्यानं पेन्सिलीनं ठिपका दाखवला. "याचं वेगळं कारण शोधून सापडत नाही, मिस. तुम्हीच शिकवलंय. सगळी रीतच बदलावी लागते."

शिव्या घालायला कोणीतरी सापडेल, या आशेवर बाई इतके महिने उभी होती. ती पासांगला "शाब्बास" म्हणाली, शिक्षकांच्या संडासात गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

पोरं मात्र कामाला लागली. आळीपाळीनं बसमध्ये बसून त्यांनी कुठे किती वेळ जातो ते टिपलं. चापागाउँच्या टपरीवर बस थांबवून हर्कमान दाई प्यायचा तो चहा थर्मासमध्ये आला. "माझ्या चहात तुम्हाला माशाचा काटा सापडला होय रे?" असं म्हणून त्यानं आधी कुरकूर केली आणि मग थर्मास मोठा आणा म्हणाला. ज्या चढावर बस दर थंडीत धापा टाकायची तिथला स्टॉप खाली सपाटीवर आला. आयांना सांगण्यात आलं की बसचा भोंगा ऐकून बूट शोधायला लागायचं नाही, आधी स्टॉपवर यायचं. रेजिना दारोदार फिरली आणि दोन आयांशी चांगली भांडूनही आली.

बसचा उशीर कमी होऊ लागला आणि सौगात आखडू लागला.

पूर्वी तो वाकून मोजा वर ओढायचा, सरळ व्हायचा, दप्तराचा पट्टा सारखा करायचा. मग नुसता मोजा ओढण्यापुरता दिसू लागला. मग हात मोज्याकडे जाईपर्यंत. पुढे पुढे तर डोळ्यांना खात्री पटायच्या आत भोंगा वाजायचा. आणि एका सकाळी बस ठरल्या वेळी पिंपळाशी येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. पार रिकामाच राहिला. जुनकिरीनं वर्गात लाडू वाटले, रेजिनानं एक मिसच्या तोंडात घातला, आणि मिसनं तो गिळला.

त्याच दुपारी तिनं हर्कमानला फोन केला.

"दाई, उद्यापासून वरच्या वीटभट्टीच्या वळणावर थोडं थांबत जा. एक नवीन पोरगा चढणार आहे."

"कोणाचा हो?"

"तिसरीत आहे."

"कितवीत ते नाही विचारलं मिस, कोणाचा विचारलं."

"नवीन राहायला आलेत. तो चढायचा नाही तोवर निघू नका. बारीक आहे, गोरा आहे, मोजा घसरलेला असतो."

"बरं. माझं काय, थर्मास आहेच."

दुसऱ्या दिवशी बस भट्टीपाशी थांबली, पिंपळाशी उशिरा आली, आणि त्या उशिरात सौगात आला. त्यानं वाकून मोजा वर ओढला. मेनुकानं खोकला दाबला. आपण खोटं बोललो याची लाज वाटायला हवी होती. तिला वाटला तो नुसता आनंद, भुकेल्या माणसाला भात दिसल्यावर होतो तसा.

पूस, म्हणजे पौष, सरत आला तरी हे चाललं होतं. मग एकदा शाळेच्या आवारात हर्कमाननं तिला गाठलं. डोक्यावरची टोपी त्यानं हातात घेतली होती.

"मिस, एक बोलू? रागावू नका. तुमचा तो पोरगा काही येत नाही."

"येईल. आजारी असेल."

"मी रोज दार उघडतो. कोणी नसतं. पण दार लावायला हात पुढे होत नाही हो. वाटतं, कोणीतरी पायरीवर पाय ठेवलाय." त्यानं आवाज खाली आणला. "आणि पोरं आत सरकून जागा करतात आता. कोणासाठी रे म्हटलं, तर म्हणतात, त्या नवीन भाईसाठी. रोज तीच जागा सोडतात, मिस. मी डोंगरातला माणूस, लहानपणापासून काय काय ऐकलंय, पण मला आता त्या वळणाची भीती वाटते."

"दाई, पोरांचे खेळ असतात ते," मेनुका म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता आणि तिला हेवाही वाटला होता. तिच्यासाठी जो पाराजवळ नुसता उभा राहतो, त्याला तिकडे पोरं बसायला जागा देतात.

आलेख काही गप्प बसणार नव्हता. शुक्रवारच्या बैठकीत पासांगनं तो भिंतीला लावला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. सगळ्या जागांचा उशीर खाली बसला होता, फक्त वीटभट्टीचा खांब उंच होता. एकाच जागी, रोज, जवळजवळ सारखाच. रेजिना जमिनीकडे बघत उठली.

"मिस, समोर कोण आहे ते बघायचं नाही असं तुम्हीच शिकवलंय. म्हणून विचारते." एरवी घडाघडा बोलणारी पोर शब्द शोधत होती. "बस वीटभट्टीला का थांबते?"

"नवीन पोरगा आहे म्हणून."

"तो चढत का नाही?"

"मला काय माहीत? थंडी आहे, आजारी पडला असेल."

"मग ऑफिसात त्याचं नाव का नाही? मी विचारून आले, मिस."

"गणिताचा सराव झाला का तुझा?" मेनुका कडाडली. "मागच्या पेपरात काय दिवे लावलेस ते सांगू का सगळ्यांना? मोठे आलेत का-का करणारे! बसा खाली." सगळे बसले. रेजिनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मान वर केली नाही. पासांगनं आलेख काढून गुंडाळला.

पिंपळाच्या स्टॉपवर त्या वर्षी एक लहानगी यायची, यांजी, शिशुवर्गातली. तिची आजी भट्टीवर विटा वाहायची. ती नातीला पाराशी सोडायची आणि "मिस आहेत ना, मग मला कसली काळजी?" असं म्हणून धुक्यात निघून जायची. सोमवारी तसंच झालं. बसची वेळ टळली. सौगात आला, वाकला, मोजा ओढू लागला आणि मेनुका त्याच्या मानेवरच्या बारीक केसांकडे बघत राहिली.

मग सौगातनं मान वळवली. इतक्या दिवसांत त्यानं रस्त्याशिवाय कुठे बघितलं नव्हतं. मेनुकाला वाटलं, आता माझ्याकडे बघेल. त्यानं तिच्याकडे नाही, तिच्या पलीकडे बघितलं, म्हणून तिनंही वळून बघितलं. यांजी पारावरून उतरून रस्त्याच्या मधोमध उभी होती. टाचा उंचावून वळणाकडे बघत होती, बस का येत नाही ते.

टिपरचे दिवे धुक्यात पिवळे झाले होते. मेनुका कशी धावली ते तिला नंतर आठवेना. यांजीच्या स्वेटरची बाही तिच्या मुठीत होती, दोघी रस्त्याकडेच्या चिखलात पडल्या होत्या आणि वाळूनं भरलेला टिपर भोंगा वाजवत, ड्रायव्हरची शिवी मागे टाकत निघून गेला होता. पोर रडू लागली. "मिस, मी नुसतं बघत होते, बस येते का," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मेनुकानं तिला घट्ट धरलं. ही पोर कशानं रस्त्यात गेली, हे विचारायला तिला माशाचा काटा काढायची गरज नव्हती. एकदा बसनं उशीर केला तेव्हा कोणाचं नाव सापडलं नव्हतं. आज सापडलं असतं, आणि ते तिचं होतं. तिला स्वतःची इतकी किळस आली की ओठ दातांखाली घेऊन तिनं रक्त काढलं.

त्याच दिवशी तिनं जुनकिरीला मधल्या सुट्टीत बोलावलं. साडीवरचा चिखल वाळला होता. पोरं दाराशी घुटमळली.

"रेजिना, शुक्रवारी तुला मी बसवलं. उठ. विचार."

"नको, मिस."

"विचार म्हणते ना."

रेजिनानं पासांगकडे बघितलं. पासांगनं पेन्सिल खाली ठेवली. "बस वीटभट्टीला का थांबते?" तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"मी हर्कमान दाईंना थांबायला सांगितलं म्हणून."

"का सांगितलं?"

"बस पिंपळाशी उशिरा यावी म्हणून."

"उशिरा का यावी?"

मेनुकानं खिडकीबाहेर बघितलं. आवारात पोरं चेंडूमागे धावत होती. "बसला उशीर झाला की मला सौगात दिसतो. बस वेळेवर आली की दिसत नाही." ती पोरांकडे वळली. "तुम्ही उशीर कमी केलात. पोरांनो, तुम्ही फार चांगलं काम केलंत. मला ते सोसवलं नाही. आणि आज सकाळी माझ्यामुळे यांजी टिपरखाली जात होती."

पुढचा 'का' विचारायची रेजिनाची छाती झाली नाही, आणि तो विचारण्यासारखा उरलाही नव्हता. ती उठून मिसच्या शेजारी बाकावर येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. इतकी वटवटी पोर, पण तिला त्या वेळी बोलू नये ते कळलं.

मग पासांगनं पेन्सिल उचलली. "मिस, वीटभट्टीच्या काट्यावर काय लिहू?"

"अरे गाढवा!" रेजिना ओरडली.

"नाही, बरोबर विचारतोय तो. काटा रिकामा ठेवायचा नसतो." मेनुकानं डोळे पुसले. "लिही, न येणाऱ्याची वाट बघणं. नाव लिहू नकोस."

त्यानं लिहिलं. शेजारी उपायाची जागा होती. मेनुकानं पोरांसमोरच फोन लावला.

"दाई, उद्यापासून भट्टीला थांबू नका."

पलीकडून हर्कमाननं विचारलं, "तो पोरगा, मिस?"

"तो यायचा नाही, दाई."

"बरं," तो हळूच म्हणाला. "मी आज संध्याकाळी त्या वळणावर एक दिवा लावून येतो. तुमची ना नसेल तर."

"लावा," मेनुका म्हणाली.

रात्रभर तिला डोळा लागला नाही. सकाळी ती उतारावरून खाली आली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पार हाताला लागेपर्यंत दिसला नाही. यांजीला तिनं कडेवरच घेतलं, "मी मोठी आहे" असं ती म्हणत असतानाही. वेळ व्हायची होती. तिनं पाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती तिकडेच बघत होती. तिथं कोणी नव्हतं. वळणावर भोंगा वाजला आणि बस वेळेवर आली.

यांजीला आत चढवून ती खिडकीपाशी बसली. रेजिना आणि पासांग आधीच बसमध्ये होते. पासांगच्या मनगटावर घड्याळ होतं, पण तो त्याच्याकडे बघत नव्हता. बस निघाली. मेनुकानं मागे वळून बघितलं.

सौगात आला होता. बसची वेळ टळली होती आणि तो आपल्या वेळेला आला होता, जसा तो कायम यायचा. पाराशी उभा राहून तो वरच्या वळणाकडे बघत होता, बस येईल म्हणून. शेजारी कोणी नव्हतं. माघातल्या त्या सकाळी ती त्याला सोडून गेली होती, आणि आजही ती त्याला तिथं एकटं ठेवून चालली होती, या वेळी बघत, जाणूनबुजून. तिच्या पोटातून हाक वर आली. काचेवर तिचे दोन्ही तळवे टेकले. थांबवा, एवढं एक बोलायचं होतं. हर्कमाननं तिचा शब्द कधी मोडला नव्हता.

आरशात त्याला तिचा चेहरा दिसला असावा. त्याचा पाय ब्रेकवर गेला, बस मंदावली.

"मिस? कोणी राहिलं का?"

बसमधली सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. पुढच्या स्टॉपवर, धुक्यात, रस्त्याच्या कडेला, कोणाची तरी पोरं उभी असतील.

"नाही, दाई," मेनुका म्हणाली. "चला. पोरं ताटकळली असतील."